मजुरांच्या मोटाबेन

मंडळाच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असा निरोप चिटणीसबाईंकडून आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. चरित्र लिहावयाचे तर व्यासंग हवा. मी मंडळाची पंधरा वर्षे खजिनदार होते. माझा हात जमाखर्चात चालतो, लेखात नाही. परंतु त्यांनी ऐकले नाही. मग मी जुन्या स्मरणिका काढून चाळल्या. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, सर्वांवर कोणी ना कोणी लिहिलेले आहे. ज्या अहमदाबादेचे पाणी आपण साठ वर्षे पीत आहोत, तेथील एका बाईवर मात्र एकही लेख नाही. त्या बाई म्हणजे अनसूयाबेन साराभाई.

मी १९६६ साली लग्न होऊन ह्या शहरात आले. तेव्हा पहाटे गिरण्यांचे भोंगे होत आणि त्यांवर आपण घड्याळ लावीत असू. अनसूयाबेन १९७२ पर्यंत हयात होत्या. म्हणजे सहा वर्षे आम्ही एकाच गावात होतो आणि मी एकदाही त्यांच्या दर्शनास गेले नाही. मला त्यांचे नावच ठाऊक नव्हते म्हणा ना! पुढे ते कसे कळले, ते ओघाने सांगेन.

अनसूयाबेनचा जन्म ११ नोव्हेंबर १८८५ रोजी अहमदाबादेतील एका धनाढ्य जैन कुटुंबात झाला. वयाच्या नवव्या वर्षी आईबापांचे छत्र हरपले. धाकटा भाऊ अंबालाल, त्याहून धाकटी बहीण कांता आणि ह्या, अशी तिन्ही मुले काका चिमणभाईंच्या घरी वाढली. तेराव्या वर्षी, त्या काळच्या रीतीप्रमाणे, लग्न झाले. ते सुखाचे झाले नाही आणि अनसूयाबेन माहेरी परत आल्या. श्रीमंत घर म्हणून दोन वेळच्या जेवणाची चिंता नव्हती. परंतु परत आलेल्या मुलीला घरात जागा असते, काम नसते. आपल्यापैकी ज्यांनी असे दिवस काढले किंवा जवळून पाहिले, त्यांना निराळे सांगावयास नको.

येथे धाकट्या भावाची आठवण काढली पाहिजे. अंबालाल पाच वर्षांनी लहान, पण बहिणीच्या मनातील शिक्षणाची ओढ त्यांनी ओळखली. त्यांच्याच मदतीने १९१२ साली अनसूयाबेन विलायतेस गेल्या. डॉक्टर व्हावे असे मनात होते. परंतु वैद्यकात प्राण्यांची चिरफाड आली, ती जैन संस्कारांत वाढलेल्या ह्या बाईंना मानवेना. तो नाद सोडून त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाल्या. फेबियन समाजवाद्यांचे विचार त्यांच्या कानी तेथे पडले, मताच्या हक्कासाठी झगडणाऱ्या स्त्रियाही त्यांनी तेथे पाहिल्या. पदवी मात्र झाली नाही. १९१३ मध्ये घरच्या कारणाने त्यांना परत यावे लागले.

परत आल्यावर त्यांनी जे केले ते दिसावयास अगदी साधे होते. गिरणीमजुरांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. शाळेपाठोपाठ तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, बायकांसाठी संडास, बाळंतपणाची सोय, अशी एकेक गोष्ट हाती घेतली. हे सारे पाहून कोणी म्हणेल की ही तर समाजसेवा झाली. आपली महिला मंडळेही असेच काही ना काही करीत असतात. अनसूयाबेनही तेथेच थांबल्या असत्या, तर आज त्यांचे नाव एखाद्या शाळेच्या दगडावर राहिले असते, इतकेच.

परंतु एका सकाळची गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. त्या आवारात मुलांचे केस विंचरीत बसल्या होत्या. समोरून पंधराएक स्त्रिया झोपेत चालल्यासारख्या चालत गेल्या. अनसूयाबेननी त्यांना हटकून विचारले. तेव्हा समजले की त्या गिरणीतून परतत होत्या आणि सलग छत्तीस तास, म्हणजे दोन रात्री व मधला दिवस, त्यांनी काम केले होते. अनसूयाबेनच्या घरच्याही गिरण्या होत्या. ज्यांच्या मुलांना आपण अक्षरे शिकवतो त्यांच्या आया अशा स्थितीत घरी येतात आणि ती स्थिती आपल्या गोतावळ्यातील माणसांनीच आणली आहे, ही गोष्ट त्यांच्या मनात खोल गेली. शाळा चालू राहिली. पण ह्यापुढे त्या मजुरांच्या मजुरीचा हिशोब विचारू लागल्या.

१९१७ साली अहमदाबादेत प्लेग आला. मजूर गाव सोडून जाऊ लागले, म्हणून मालकांनी विणकरांस पगारावर भरघोस प्लेग-बोनस दिला. वार्पिंग खात्यातील मजुरांना, म्हणजे मागावर चढवण्यापूर्वी सूत ताणून घेणाऱ्यांना, त्यातून वगळले. ते अनसूयाबेनकडे आले आणि आमचे पुढारीपण करा म्हणाले. डिसेंबर १९१७ मध्ये त्यांनी ते केले. गिरणीमालकांच्या घरातील एक बाई मजुरांच्या पुढे उभी राहिली, ह्याचे त्या शहराला काय वाटले असेल ह्याची आज कल्पनाही करवत नाही.

पुढे जानेवारी १९१८ मध्ये प्लेग ओसरला आणि मालकांनी विणकरांचा बोनसही बंद केला. महागाई मात्र ओसरली नव्हती. विणकर पगाराच्या निम्म्याइतकी वाढ मागत होते, मालक वीस टक्क्यांच्या वर जावयास तयार नव्हते. गांधीजींनी हिशोब तपासून पस्तीस टक्के हा आकडा वाजवी ठरवला. मालकांचे पुढारी कोण, तर अंबालाल साराभाई! ज्या भावाने विलायतेस धाडले, त्याच्याच समोर बहीण उभी. २२ फेब्रुवारीस गिरण्यांना टाळे लागले.

ह्या झगड्याची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे, म्हणून मी सारी सांगत नाही. साबरमतीच्या काठी एका बाभळीखाली रोज सभा भरे. मजुरांनी आपली प्रतिज्ञा न मोडण्याची शपथ घेतली होती, म्हणून ते झाड एकटेकचे झाड म्हणून ओळखले जाऊ लागले. रोज एक पत्रक निघे. ते गांधीजी लिहीत, पण प्रसिद्ध होई अनसूयाबेनच्या नावाने. अनसूयाबेन, शंकरलाल बँकर आणि इतर मंडळी सकाळ-संध्याकाळ मजुरांच्या चाळींतून हिंडत, कोणाच्या घरी दाणा नाही, कोण आजारी आहे ते पाहत. फुकटची मदत द्यावयाची नाही, काम द्यावयाचे, असा गांधीजींचा आग्रह होता. तेव्हा साबरमती आश्रमात विणकामशाळेची इमारत बांधावयाची होती. पायात भरण्यास वाळू हवी होती. नदीच्या पात्रातून वाळू वाहून आणण्याचे काम विणकरांना दिले गेले. पहिली टोपली अनसूयाबेननी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि त्यांच्यामागे मजुरांची रांग नदीतून वर चढू लागली. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत ह्या दृश्याचे वर्णन केले आहे.

माझे मन पस्तीस टक्क्यांपेक्षा ह्या टोपलीपाशी अधिक रेंगाळते. विणकर हे कसबी लोक. गिरणी बंद झाली त्याच दिवशी ते हमाल झाले. गिरणीतले काम आणि उघड्यावरचे काम ह्यांच्यामधली भिंत किती पातळ आहे, ते त्या वाळूच्या टोपलीने दाखवले, असे मला वाटते. अर्थात हे मला कळावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

दिवस लांबले तसे मजूर खचू लागले. मोटारीतून येणाऱ्या आणि पोटभर जेवणाऱ्या लोकांचे काय जाते, असे टोमणे कानी येऊ लागले. टोमणा खोटा नव्हता आणि तो अनसूयाबेनलाही लागू होता. १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभले. १८ मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे मजुरांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांची राहिली. तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस, आणि अखेरचा निर्णय लवाद आनंदशंकर ध्रुव देतील. त्यांनी पुढे पस्तीस टक्केच दिले. बहीणभावांचे प्रेम ह्या साऱ्यातून सुटले नाही, ही गोष्ट मला त्या दोघांचीही मोठी वाटते.

तडजोडीच्या आनंदात बाभळीखाली मिठाई वाटावयाचे ठरले. तेव्हा एक चमत्कारिक प्रकार झाला. शहरातील भुकेल्या भिकाऱ्यांना वास लागला आणि ते मजुरांच्या रांगा मोडून मिठाईवर तुटून पडले. उरलेली मिठाई मग दुसऱ्या दिवशी मिर्झापुरातील आवारात, भिंतीच्या आड, वाटावी लागली. ह्या प्रसंगाला कोणी फारसे महत्त्व देत नाही. परंतु त्या दिवशी एकजूट करणाऱ्यांच्या रांगेबाहेर जी माणसे होती, त्यांचे काय, हा प्रश्न त्या मिठाईने विचारला होता. त्याचे उत्तर मिळावयास ह्या शहराला त्रेपन्न वर्षे लागली.

१९१९ च्या एप्रिलमध्ये अनसूयाबेनना अटक झाल्याची नुसती अफवा उठली आणि मजूर खवळून रस्त्यावर आले. शहरात जाळपोळ झाली. एका बाईविषयी मजुरांना किती जिव्हाळा होता, ते त्यावरून दिसते. जाळपोळ झाली ते वाईटच. त्यात काही समर्थन करण्यासारखे नाही.

२५ फेब्रुवारी १९२० रोजी मजूर महाजनाची स्थापना झाली. आरंभ सूतकताई खात्यातील मजुरांच्या संघापासून झाला आणि मग एकेका खात्याचा संघ त्यास जोडला गेला. महाजन हा शब्द जुना, व्यापाऱ्यांच्या पंचायतीचा. तो मजुरांनी उचलला. त्याची रीत अशी होती: प्रत्येक खात्यातून प्रतिनिधी निवडावयाचा, तक्रार आली की ती वहीत लिहावयाची, माणूस गिरणीत जाऊन चौकशी करणार, तेथे मिटले नाही तर लवादाकडे जावयाचे. १९२० मध्येच कायमचे लवादमंडळ नेमले गेले. त्यात मजुरांकडून गांधीजी आणि मालकांकडून मंगलदास गिरधरदास होते. महाजनाने पुढे शाळा, दवाखाना, वाचनालये काढली. अनसूयाबेन जन्मभर अध्यक्ष राहिल्या. सर्व मजूर त्यांना मोटाबेन म्हणत. आपण थोरल्या बहिणीला ताई म्हणतो तसे.

सदैव यशच आले असे नाही. १९२३ मध्ये मालकांनी पगारात कपात केली. दोन महिन्यांहून अधिक काळ संप चालला आणि तो फसला. महाजनाचे कितीतरी सभासद त्या वेळी गळाले. अनसूयाबेननी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. १९२७ साली मजुरांच्या मुलींसाठी त्यांनी कन्यागृह काढले.

आता एक कडू गोष्ट लिहावयाची आहे. गौरवाच्या लेखात ती लिहू नये असे काहींना वाटेल. पण खजिनदाराने फक्त जमेची बाजू लिहिली तर तो हिशोब होत नाही. महाजनाची सारी उभारणी बायकांच्या छत्तीस तासांच्या कष्टांतून झाली आणि त्याच महाजनाच्या राज्यात गिरण्यांतील बायका कमी कमी होत गेल्या. तीसच्या दशकात थोड्या माणसांकडून अधिक यंत्रे चालवून घेण्याची पद्धत आली. पुरुषाला संसार चालेल इतका पगार मिळावा आणि त्याच्या बायकोने घरी राहावे, असा विचार महाजनातही प्रबळ होता. म्हणून माणसे कमी करण्याची वेळ आली तेव्हा नवरा कामावर आहे अशा स्त्रीने जागा सोडावी, ह्याला महाजनाने रुकार दिला. रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाच्या रजेचा बोजा नको म्हणून बायकांना न घेण्याची मालकांची वृत्ती, हेही होतेच. त्या बायका घरी बसल्या का? गरिबाच्या घरी कोण बसते! त्या विडी वळू लागल्या, गोधड्या शिवू लागल्या, जुन्या कपड्यांवर भांडी देऊ लागल्या, बाजारात डोक्यावर कापडाच्या गाठी वाहू लागल्या. कष्ट तेच राहिले. फक्त ते वहीत लिहिणारा आता कोणी नव्हता.

१९५४ साली महाजनाने महिला विभाग काढला. तोही आरंभी मजुरांच्या बायकामुलींना शिवणकाम शिकवण्यापुरता होता. १९५५ मध्ये एक तरुण वकील बाई महाजनात आल्या, त्या इलाबेन भट्ट. त्यांना अनसूयाबेनचा सहवास लाभला आणि त्यांना त्या आपल्या गुरुस्थानी मानीत. १९६८ मध्ये महिला विभाग इलाबेनकडे आला.

१९७१ साली कापडबाजारात हातगाड्या ओढणाऱ्या बाहेरगावच्या काही स्त्रिया राहण्याच्या जागेची अडचण घेऊन महाजनात आल्या. इलाबेन त्यांच्याबरोबर त्यांच्या वस्तीवर गेल्या. तेथे डोक्यावर गाठी वाहणाऱ्या स्त्रिया भेटल्या. त्यांना खेपेवर पैसे मिळत; ओझे किती, अंतर किती, ह्याचा विचार नाही, आणि दिवसभरात खेपा किती झाल्या ह्याची व्यापाऱ्याजवळ नोंद नाही. व्यापारी सांगेल तो आकडा खरा. इलाबेननी ही हकीकत वर्तमानपत्रात लिहिली. व्यापाऱ्यांनी चिडून उलट प्रसिद्ध केले की आम्ही तर वाजवी दर देतो, आणि ते दर छापून दिले. महिला विभागाने काय करावे? त्याने व्यापाऱ्यांचेच ते छापील दर कार्डांवर उतरवून बायकांना वाटले. आता ज्या बाईला लिहिता येत नव्हते तिच्याही हाती लिहिलेला दर आला. मला हा डाव फार आवडतो. त्यात शिवी नाही, दगड नाही. आपलाच शब्द आपल्यासमोर धरल्यावर माणूस काय बोलणार?

ही बातमी पसरताच जुने कपडे विकणाऱ्या बायका आल्या, मग आणखी कोणी आल्या, आणि डिसेंबर १९७१ मध्ये सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन, म्हणजे सेवा, ह्या संघाचा जन्म झाला. नोंदणीच्या कचेरीने अडचण काढली की ह्यांचा मालक कोण? ज्यांना मालकच नाही त्यांची युनियन कशी, आणि ती झगडणार कोणाशी? इलाबेनचे म्हणणे असे की युनियन ही मालकाच्या विरुद्ध असावी लागते असे नाही. ती काम करणाऱ्यांच्या एकजुटीसाठी असते. पुष्कळ खटपटीनंतर १२ एप्रिल १९७२ रोजी नोंदणी झाली. महाजनाचे अरविंद बुच तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी अनसूयाबेन वारल्या. आयुष्याच्या अखेरीस का होईना, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बायकांचे नाव महाजनाच्या छायेखाली वहीत लागले, ते त्यांच्या हयातीत झाले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. १९८१ मध्ये राखीव जागांवरून गुजरातेत दंगे झाले, मतभेद झाले, आणि महाजनाने सेवेला आपल्यातून काढून टाकले. लेक स्वतंत्र झाली म्हणावयाचे. आज तिचे सभासद वीस लाखांहून अधिक आहेत आणि ती अनेक राज्यांत पसरली आहे. आपल्या महाराष्ट्रातही ह्याच सुमारास दुसऱ्या वाटेने प्रयत्न झाला होता. माथाडी हमालांना कोणी एक मालक नसे. म्हणून अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेच्या रेट्याने १९६९ साली कायदा झाला. व्यापारी आणि हमाल दोघांचीही नोंद सरकारी मंडळाकडे झाली; मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, आणि व्यापाऱ्याकडून वरची लेव्ही घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी व रजेचा पगार मिळू लागला. मालक सापडत नसेल तर बाजारालाच मालक धरावा, अशी ही युक्ती.

आता मला अनसूयाबेन कशा कळल्या ते सांगते.

१९८० नंतर अहमदाबादेतील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लाखाच्या घरात मजूर बेकार झाले. महाजनाची शक्तीही त्याबरोबर ओसरली. भोंगे थांबले. जुन्या सभासदांना आठवत असेल, त्या काळी आपल्या मंडळाचा गृहोद्योग विभाग जोरात होता. पापड, कुरडया, मसाले आपण वस्तीतल्या बायकांकडून करून घेत असू आणि दिवाळीच्या विक्रीत खपवीत असू. गरजू भगिनींना साहाय्य, असे आपल्या अहवालात छापले जाई. १९८६ साली पापड लाटणाऱ्यांत एक नवी बाई आली. तिचा नवरा बंद पडलेल्या एका गिरणीत कताई खात्यात होता. दोन महिने ती मुकाट्याने पापड आणून देत होती. एके दिवशी तिने मला शांतपणे विचारले की माझे पापड वजनात किती भरले आणि तुटके म्हणून किती बाजूला काढले, ते मला एका कागदावर लिहून द्याल का?

मला राग आला. मी खजिनदार, माझ्या वह्या दरसाल तपासल्या जात, एका पैशाची चूक कधी निघाली नव्हती. माझ्यावर अविश्वास? मी तिला काहीतरी लागेल असे बोलले आणि ती गेली. रात्री झोप येईना, म्हणून वही उघडली. उडीद डाळीचा भाव होता, हिंगाचा होता, विक्री होती, नफा होता. मजुरीच्या रकान्यात एक एकत्र आकडा होता. चौदा बायका आपल्यासाठी लाटीत होत्या आणि माझ्या चोख वहीत त्यांपैकी एकीचेही नाव नव्हते. तुटक्या पापडांचे पैसे आपण देत नव्हतो आणि ते परतही करीत नव्हतो. सभेच्या दिवशी चहाबरोबर तळून खात होतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. तिची सासू जन्मभर गिरणीत होती. भिंतीवर एका वृद्ध बाईचा चौकटीतला फोटो होता आणि त्याला हार होता. घरातील कोणी पूर्वज असावी असे वाटून मी विचारले. सासूने सांगितले, त्या आमच्या मोटाबेन. मग तिने मला बसवून घेतले आणि तिच्या बापाकडून ऐकलेली बाभळीची, वाळूच्या टोपलीची गोष्ट सांगितली. वीस वर्षे ह्या शहरात राहून ती मी प्रथमच ऐकली. कागद मागावयास सुनेला तिनेच शिकवले होते.

कार्यकारिणीच्या सभेत मी विषय मांडला तेव्हा जे झाले ते सगळेच येथे लिहीत नाही. आपण काय व्यापारी आहोत का, हे तर सेवाकार्य आहे, असे पुष्कळ जणी म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणत होत्या. उद्या ह्या बायका लाल बावटा घेऊन दारात येतील, अशीही भीती एकीने घातली. अखेर एका मताने ठराव झाला. प्रत्येकीला एक कार्ड द्यावे; त्यावर तारीख, वजन, दर आणि तुटके पापड लिहावे; तुटक्यांची मजुरी अर्धी द्यावी अथवा ते परत करावे. त्यांपैकी पाच जणी पुढे सेवेच्या सभासद झाल्या. बावटा कोणी आणला नाही. पुढील वर्षी चौदाही जणी एकत्र आल्या आणि डाळीचा व तेलाचा भाव वाढला तसा लाटणावळीचा दर का वाढला नाही, हे त्यांनी आपल्या कार्डांवरील आकडे दाखवून विचारले. आम्हांला दर वाढवावा लागला. त्या वर्षी विभागाचा नफा घटला, हे अहवालात आहेच. त्याचे कारण मात्र तेव्हा छापले नव्हते.

गृहोद्योग विभाग आता राहिला नाही. १९८६ ची ती पहिली चौदा कार्डे, माझ्या हातची, मंडळाच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात एका जुन्या साडीच्या खोक्यात आहेत. महोत्सवाच्या प्रदर्शनात मंडळाच्या ढाली आणि छायाचित्रे मांडणार आहेत असे ऐकते. चिटणीसबाईंना योग्य वाटल्यास त्यांच्या शेजारी ती मांडावीत. किल्ली माझ्याजवळ आहे.